कापसाच्या गादीतलं कपाट

आमच्या घरातली सगळी शिल्लक एका गादीत होती, आणि त्या गादीवर झोपायची कुणालाही परवानगी नव्हती.

गादीत नोटा दडवल्या होत्या असं समजू नका. नोटा दडवायला आधी नोटा लागतात! आमच्या गादीत नुसता कापूस होता. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. हिंगणघाटच्या पुढे वडनेरला आमचं घर. वडलांची थोडीशी कोरडवाहू जमीन, आणि माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीच्या झाडांवर उरलेली बारीकसारीक बोंडं वेचणाऱ्या बायकांनी घरी न्यायची, अशी आमच्या गावची रीत. बाकीच्या बायका तो कापूस दारावरच्या फेरीवाल्याला देऊन बांगड्या भरून घ्यायच्या, पोरांना मुरमुरे घ्यायच्या. माय ओसरीवर बसून बोटांनी सरकी काढायची, सरकी म्हशीला घालायची आणि कापूस गादीत भरायची. असे काही हंगाम गेले आणि गादी इतकी फुगली, की बाजेवर टाकली तर बाज दिसेना.

मी पुलगावला गिरणीत कारकून होतो (म्हणजे कारकुनाच्या हाताखालचा कारकून). त्यामुळे घरात अर्थशास्त्र मलाच कळतं असा माझा समज होता. मी मायला म्हणालो, "कापूस इकून पैसे पोस्टात ठेव. याज भेटते."

"पोस्टात ठेवलेला पैसा मले दिसते का?"

"दिसत नाई, पण वाढते."

"हे गादी त दिसतेही अन् वाढतेही," माय म्हणाली. "अन् पैसा घरात आला का तुह्या बापाले सारं गाव आठवते. कापूस कोणी उसना मांगत नाई."

हे मात्र खरं होतं. वडलांच्या खिशात रुपया आहे हे आधी शेजाऱ्याला कळायचं आणि मग वडलांना. पण त्या गादीचा एवढा जीव लावून सांभाळ चालला होता तो काही व्याजासाठी नाही. मायला आरशाचं कपाट घ्यायचं होतं.

झालं होतं असं. मला नोकरी लागली तेव्हा माय एकदा पुलगावला आली आणि मी तिला आमच्या हेडक्लार्कांच्या घरी पाया पडायला घेऊन गेलो. त्यांच्या घरात लाकडी कपाट होतं, आणि कपाटाच्या दाराला माणसाच्या उंचीचा आरसा होता. आमच्या घरी भिंतीतल्या कोनाड्यात तळहाताएवढा आरसा होता, त्यात कुंकवापुरतं कपाळ दिसे. माय त्या कपाटासमोर उभी राहिली आणि हेडक्लार्कांच्या बाईंनी चहाला बोलावलं तरी हलेना. परत येताना रस्त्यात म्हणाली, "माहा डावा खांदा उतरता हाये रे. वझं घेऊ घेऊ झाला असन. इतके वर्स झाले, कोणी सांगतलंच नाई मले."

चालता चालता तिने डावा खांदा चाचपला. मग हळूच म्हणाली, "एक डाव निवांत पाह्यचं हाये. डोकशापासून पायापर्यंत. मंधात कोणी चहा नको देऊ."

हिंगणघाटच्या बाजारात तसलं कपाट विकायला होतं. बाजारच्या दिवशी माय तेल-मीठ घेऊन झालं की त्या दुकानासमोरून एक फेरी मारायची. आत जायची नाही. दुकानदार विचारेल अशी तिला भीती होती. कापसाला भाव आला की गादी उसवायची आणि कपाट आणायचं, असं ठरलं होतं. भाव मात्र दरवर्षी 'पुढच्या वर्षी' यायचा!

तोवर माझं लग्न झालं. बायको तळेगावची, शामजीपंताच्या तळेगावची, म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला. लग्नात सासऱ्यांनी आंदणात एक गादीही दिली होती. ती इतकी पातळ होती की तिच्यावर झोपलं की जमीन सारवलेली आहे की नाही हे पाठीला कळायचं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा सासरे कंबर धरून पडले होते, म्हणून पोचवायला मीच जाणार होतो. माय पहाटे वेचणीला जाताना सांगून गेली, "आंदणाची गादी बांधून ठेवली हाये. ते घेऊन जाजो."

बाळंतिणीची गादी सासरहून न्यायची, एवढी रीत मला ठाऊक होती. मी ती वळकटी उचलून पाहिली. गिरणीतला जावई ही चपाती घेऊन सासरी जाणार? शिवाय सासऱ्यांना वाटेल, आमचंच आंदण आमच्याच तोंडावर आणून टाकलं. मी वळकटी बाजेवर टाकली आणि मायची गुबगुबीत गादी बांधायला घेतली.

बायको म्हणाली, "अवो, आत्याबाईले त इचारा."

"इचाराचं काय त्यात? येतानी वापस घेऊन येऊ."

"वापस नाई येत ते."

"काऊन नाई येत? गादीले पाय हायेत का?"

ती पुढे काही बोलणार होती, पण बाळंतपणाच्या गोष्टी पुरुषमाणसासमोर बोलायच्या नसतात, असं तिला शिकवलं होतं. आणि पुरुषमाणसाने त्या विचारायच्या नसतात, असं मला शिकवलं होतं. दोघंही शिकलेली, त्यामुळे घोटाळा झाला.

त्या गादीचा प्रवास काय सांगू! मोटारीच्या टपावर तिला दोघांनी धरून बसावं लागलं. वर्ध्याला आगगाडीच्या डब्याच्या दारात ती अडकली तेव्हा मागून चार जणांनी ढकलली. पुलगावहून आर्वीच्या छोट्या गाडीत तर ती बसली आणि आम्ही उभे राहिलो. पण तळेगावला तिचं सार्थक झालं. सासूबाईंनी गादी दाबून पाहिली, शेजारणींना बोलावून दाबायला लावली, आणि सासरे कंबर विसरून म्हणाले, "जवाईबापूयच्या घरी कापसाची खाणच हाये म्हणा की." मी खाण आहे असं म्हणालो नाही. खाण नाही असंही म्हणालो नाही.

तिकडे वडनेरला आम्ही निघालो त्याच संध्याकाळी माय घरी आली तर बाजेवर पातळ वळकटी. तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली असणार. कारण जे माझ्या बायकोला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, ते मायलाही ठाऊक होतं. बाळंतीण ज्या गादीवर बाळंत होते, ती गादी सुईणीची. तो तिचा हक्क. म्हणून तर सगळे शहाणे लोक घरातली सगळ्यात जुनी गादी देतात!

पण माय गप्प बसणारी नव्हती. गावातला नथ्थू पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत मजुरी करायचा. तो कामावर परत निघाला, तेव्हा तिने ती वळकटी त्याच्या डोक्यावर दिली. मी बायकोला पोचवून कामावर रुजू झालो होतो. नथ्थू ती घेऊन ऐन सुटीच्या भोंग्याला गिरणीच्या फाटकावर उभा राहिला आणि सगळ्या गिरणीला ऐकू जाईल असं म्हणाला, "देवराव, हे तुही गादी. मायनं सांगतलं का पोट्टं व्हाच्या आंदी बदलून आणजो. नाई त सुईण घेऊन जाईन."

मी हेडक्लार्कांकडे रजा मागायला गेलो.

"बायको बाळंत झाली?"

"नाही साहेब. व्हायच्या आत पोचायचं आहे."

"का?"

"गादी बदलायला."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि रजा दिली. (तब्येतीची म्हणून दिली, हे पुढे पगारपत्रकावरून कळलं.)

आर्वीची छोटी गाडी त्या दिवशी जरा जास्तच सावकाश चालली होती. एरवीही ती अशी चाले की लघवीला उतरलेला माणूस पळत येऊन पुढच्या डब्यात चढावा. त्या दिवशी एक गाय रुळावर रवंथ करत होती आणि गाडीने तिचं रवंथ होऊ दिलं. मी वळकटी मांडीवर घेऊन देवाला विनवत होतो, की बाळ सुखरूप येऊ दे, पण सावकाश येऊ दे. पोटच्या पोराला उशीर व्हावा म्हणून नवस बोलणारा बाप माझ्याआधी झाला नसेल!

आर्वीहून बैलगाडी मिळाली, ती तळेगावच्या वेशीपर्यंत. तिथून पायी निघालो. गल्लीच्या तोंडाशी समोरून एक गादी चालत आली. खाली दोन अनवाणी पाय, वर गादी, मध्ये माणूस दिसत नव्हतं. गल्ली अरुंद म्हणून मी बाजूला सरून तिला वाट दिली. गादी थांबली आणि आतून आवाज आला, "वडनेरचे जवाई ना तुमी? साखर वाटा. पोट्टी झाली."

मी म्हणालो, "गादी!"

"पोट्टी म्हटलं मी."

"हो, पण गादी..."

"बाळंतीण बरी हाये," गादी म्हणाली. "इचारलं नाई तुमी, पण सांगून ठेवतो."

बाप झाल्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा असा. तळेगावात तो कितीतरी वर्षं टिकला.

ती सुईण कौसाबाई. मी पोरीचं तोंड पाहायच्या आधी तिच्या मागोमाग तिच्या घरी गेलो. एक खोली, एक चूल, एका कोपऱ्यात बारदान. तिने गादी खाली टाकली तेव्हा खोलीत गादीच उरली. मी माझी वळकटी पुढे केली. कौसाबाईने ती दोन बोटांनी दाबून पाहिली.

"हा त पापड हाये."

"पैसे देतो वरून."

"कायले? पैसे दिसले का माहा पोरगा नेते. गादी डोकशावर घेऊन निंगाला त साऱ्या गावाले दिसते."

हे मी आधी कुठेतरी ऐकलं होतं! मी शेवटी सगळं खरं सांगितलं. मायच्या वेचण्या, तिचा खांदा, हिंगणघाटचं दुकान, सगळं. कौसाबाई गादीच्या कडेला बसून ऐकत होती. बसताना ती आधी हाताने चाचपून बसली, गादी मोडेल की काय अशी.

"बापू," ती म्हणाली, "आर्धं गाव माह्या हातावर आलं. लोक गादी देते म्हणजे काय देते? चिंध्या देते. जल्मभर दुसऱ्यायच्या लेकीयले गादीवर निजवलं. माही पाठ आजवर अशा गादीले लागली नाई. आता तुमी म्हणान त घेऊन जा."

आता कसा घेऊन जाऊ? तिने अडवलं असतं तर मी भांडलो असतो. घेऊन जा म्हणाली, मग भांडायचं कोणाशी? मी वळकटी काखेत मारली आणि उठलो. मागे पाहिलं तर ती गादीवर आडवी झाली होती आणि डोळे मिटून हसत होती.

सासरी गेलो तर सासऱ्यांचा पहिला प्रश्न, "पोट्टी पाह्यची राह्यली अन् सुईणीच्या घरी कायले गेलते जवाईबापू?" मी पोरीला पाहिलं. तिच्या जावळात कापसाचा एक पुंजका अडकला होता. मायच्या शिलकीतून आमच्या वाट्याला आलं ते तेवढंच. बायको तोंड फिरवून म्हणाली, "सांगत होतो तुमाले."

मग वडनेरला मायसमोर गेलो. माय दारातच उभी होती. काखेतली वळकटी तिने पाहिली आणि तिला सगळं कळलं.

"पोट्टी कोणावर गेली?"

"तुह्यावर."

"खांदा त नाई ना उतरता?"

"नाई."

मग मी कौसाबाईचं सांगितलं. माय ऐकता ऐकता ओसरीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला रडू फुटलं, मी गिरणीतला कारकून, तरी. मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "तिले सांगजो, उन्हात टाकत जाय म्हणा मंधामंधात. कापूस दबला का गोटे होते." आणि वळकटी उसवायला बसली. त्या वर्षी वेचलेला कापूस तिने त्यात भरला. पुढे नातीची बाळलेणी आली, वडलांचं दुखणं आलं, आणि ती गादी फुगायच्या आधीच दरवर्षी उसवली जायची. हिंगणघाटच्या दुकानातलं कपाट एका बाजारच्या दिवशी दिसेनासं झालं. कुणी नेलं हे मायने विचारलं नाही. फक्त त्यानंतर ती बाजारातून लवकर घरी यायला लागली. ते मला फार लागलं.

शेवटी पुलगावच्या एका न्हाव्याने दुकानात नवे आरसे लावले, तेव्हा त्याचा जुना आरसा मी घेतला. दीड हात उंच, एका कोपऱ्याला पारा उडालेला. दिवाळीला घरी आणला. माय ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात उभी राहिली. पण आरसा भिंतीला टांगला तर पाय दिसेनात, खाली ठेवला तर डोकं दिसेना. मग मीच तो दोन्ही हातांत धरला आणि डोक्यापासून हळूहळू खाली आणू लागलो.

"थांब. खांदा पाहू दे... आता खाली. आणखीन खाली. पाय आले. आता पुन्हा वर जाय."

पोरगी मांडीएवढी झाली, कमरेएवढी झाली, तरी दर दिवाळीला हा कार्यक्रम व्हायचा. कुणी चहा आणला तर माय हाताने परत पाठवायची. मी घामाघूम होऊन आरसा वरखाली करायचो, माझे हात भरून यायचे, थरथरायचे, आणि आरशामागून मायचा आवाज यायचा, "हलू नको रे. कपाट हलत नाई."

तेव्हा आमच्या घरी आरशाचं कपाट कधी आलंच नाही, असं मी म्हणत नाही. आलं. फक्त ते महिन्याच्या पगारावर पुलगावला नोकरी करत होतं, दिवाळीच्या सुटीत घरी यायचं, आणि मायच्या मते जरा डुगडुगत होतं.