आबांनी भरलेला फॉर्म

कुंड्यांना गेरू लावायचं काम मी कुणालाच देत नाही. त्या ओल्या वासासाठी.

वेल्ह्याच्या वरच्या वाडीत माझे वडील, आबा, मेंढरांच्या पाठीवर गेरूनं खुणा करत बसले होते. मी शाळेचा फॉर्म पुढं धरला. त्यात हायर इंग्रजी आणि लोअर इंग्रजी अशा दोन चौकटी होत्या. नापास झाले तर शाळा सुटणार, म्हणून मी लोअरच घेणार होते. खाली फक्त आबांचा अंगठा हवा होता.

आबांना वाचता येत नव्हतं. दिसली त्या पहिल्या रिकाम्या चौकटीत त्यांनी लालभडक अंगठा उमटवला.

"आबा, तिथं न्हाई! ते अवघड इंग्रजी हाय."

आबांनी कागद लांब धरून पाहिला. "ऱ्हाऊ दे. खूण लागली की मेंढरू आपलं."

दुसरा फॉर्म मागायची माझी छाती झाली नाही.

पुढं भोरला मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. हा विषय कसा निवडलात, असं मुली विचारायच्या. आबांच्या चुकीनं, असं मी सांगायचे.

आबा मात्र शेवटपर्यंत गावभर सांगत होते, "पोरीचा फॉर्म म्या भरला."