खिडकीपाशी कोण बसणार

गल्लीत त्यांना दातवाल्या काकू म्हणत. डेंटिस्ट लोकांकडून प्लास्टरचे साचे घरी यायचे. काकू त्यांवर मेण चढवायच्या, दात बसवायच्या, गुलाबी हिरड्या मोटरवर घासून गुळगुळीत करायच्या. वकील, गाण्याच्या बाई, बँकेतले मोठे अधिकारी, सगळ्यांची बोळकी त्यांच्या टेबलावर ओळीने पडलेली असत. त्यामुळे कुणी मोठेपणाने बोलायला लागलं की काकू त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत, थेट जबड्याकडे बघायच्या. नवऱ्याची कवळीही त्यांनीच केली होती. काम उत्तम झालं होतं. त्यातून बाहेर पडणाऱ्या बोलण्यावर मात्र त्यांचा इलाज नव्हता.

नवऱ्याला सगळे साहेब म्हणत. पाणीपुरवठा खात्यात बिलांवर शिक्के मारणाऱ्या या माणसाला हे नाव शिपायांनी चेष्टेने ठेवलं होतं. याने ते मनावर घेतलं. निवृत्त झाल्यावर तर कुठल्याही मंडळाला फुकटात अध्यक्ष हवा असला की साहेब इस्त्रीचा शर्ट चढवून हजर. भाषण लांबलचक, श्रोते पेंगलेले, शेवटी हातात एक चकचकीत पेला. असे पेले आणि मानचिन्हं घरातलं काचेचं कपाट भरून उतू जात होती.

घरमालकाने जागा परत मागितली आणि नवं घर शोधायची वेळ आली. शोधलं अर्थातच काकूंनी. साहेब म्हणाले, "माझा जागेच्या बाबतीत आग्रह नसतो," आणि पेपर वाचत बसले. नवं घर लहान होतं, पण बाहेरच्या खोलीला मोठी खिडकी होती आणि दिवसभर तिथे सारखा उजेड असायचा. दाताचा रंग जुळवायला दिव्याचा उजेड चालत नाही. काकूंनी त्या खिडकीवरच घर पसंत केलं होतं.

बांधाबांध सुरू झाली. साहेब खुर्चीत बसून सूचना देत होते.

"अगं, तो पेला कापडात गुंडाळ. व्याख्यानमालेचा आहे तो."

"यावर 'रस्सीखेच, तिसरा क्रमांक' लिहिलंय."

"त्या वर्षी त्यांच्याकडे तोच उरला होता," साहेब जराही न लाजता म्हणाले. "आणि नव्या घरात कपाट खिडकीपाशी लागेल हां. शेजारी माझी खुर्ची. मी आत्मचरित्र लिहायला घेतोय."

काकूंना हसूसुद्धा आलं नाही. आत्मचरित्र! या माणसाला आपल्या चपला कुठे आहेत हे सांगता येत नव्हतं.

मदतीला म्हणून साहेबांची थोरली बहीण आली होती. वन्संनी सकाळपासून एक टोपली उचलली होती, तीही पालथी घालून वर बसायला.

"खरंच गं," त्या म्हणाल्या, "या वयात लोकांचे दात काय घासत बसायचे? शिसारी येते बाई. याला लिहायला निवांतपणा मिळू दे की जरा."

"वन्सं, तुमच्या खालच्या दातांचा पूल ढिला झालाय. बोलताना हलतोय," काकू म्हणाल्या. वन्संनी तोंडाला पदर लावला.

दुपारी काकू तयार कवळ्या पोचवायला दवाखान्यात गेल्या. परत आल्या तर त्यांचा कोपरा रिकामा. टेबल नाही, घासायची मोटर नाही. फरशीवर नुसता प्लास्टरचा पांढरा भुगा.

"भंगारवाला आला होता," साहेब म्हणाले. "म्हटलं, नव्या घरात ती घाण कशाला? तू आता आराम कर."

भावाच्या पाठीमागे उभ्या राहून वन्सं मान डोलावत होत्या.

काकूंच्या पायात चपला होत्याच, तशाच वळल्या आणि कोपऱ्यावरच्या भंगाराच्या दुकानात गेल्या. टेबल बाहेरच होतं, मोटर त्याच्यावर. भंगारवाला ओळखीचा.

"साहेब म्हणाले घेऊन जा, म्हणून नेलं काकू. मला काय माहीत?"

"तुझा दोष नाही. आता हातगाडीवर घाल आणि नव्या घरी चल. मग जुन्या घरी यायचं. काचेचं एक कपाट द्यायचंय, आतल्या मालासकट."

नव्या घरात टेबल खिडकीखाली बरोबर बसलं. काकूंनी मोटर लावून पाहिली, चालली. तिचा घरघराट ऐकताना एक गोष्ट आठवून त्यांना स्वतःचीच किळस आली. ते पेले काळे पडले की इतकी वर्षं याच मोटरवर कोण चमकवत होतं? आपणच की! या माणसाचा मोठेपणा आपणच घासूनपुसून ठेवला.

गाडी जुन्या घरापाशी आली तेव्हा साहेब दारात आडवे आले. "खबरदार! हा माझा आयुष्यभराचा सन्मान आहे!"

भंगारवाल्याने अदबीने कपाट उघडलं, एक मोठा पेला उचलला, नखाने खरवडला, हातात तोलला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.

"काकू, हे नाही चालायचं. आत प्लास्टिक आहे, वर नुसता मुलामा. काचेचं कपाट तेवढं नेतो."

सन्मान वाचला म्हणून खूश व्हावं की भंगारातही कुणी घेईना म्हणून रडावं, हे साहेबांना ठरवता येईना. वन्सं टोपलीवरून उठल्या आणि घरी कामं पडलीत म्हणत निघून गेल्या. काकूंना वाटलं होतं, आपल्याला थोडी दया येईल. वाट पाहिली. आली नाही.

पेले शेवटी गोणीत भरून नव्या घरी गेले. न्हाणीघराच्या माळ्यावर त्यांना जागा मिळाली, साहेबांच्या खुर्चीला दाराबाहेर.

तिथून ते रोज येणाऱ्याजाणाऱ्याला आत्मचरित्राबद्दल सांगतात. परवा एक म्हातारे गृहस्थ कवळीचा रंग जुळवायला आले होते. साहेबांनी त्यांना पहिलं प्रकरण ऐकवायला सुरुवात केली. गृहस्थांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू आत आहेत ना? त्यांना बोलावता का?"

"आत या," काकू खिडकीजवळून म्हणाल्या. "आणि दार ओढून घ्या."