स्पेनचं रॉकेट आणि घरचं श्रीखंड

अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये आम्हा मराठी मंडळींचं पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून आणायचा; तिथे हा माणूस आला की मी प्लेट घेऊन दूर सरकतो. तो एका सॅटेलाइट कंपनीत आहे, म्हणजे तिथलं हजेरीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण बोलतो असा, की सगळं अवकाश जणू त्यालाच विचारून चालतं.

त्याच्या तावडीत नेहमी सापडतं ते स्पेनचं सुरुवातीचं रॉकेट. वर जायचं, हवामानाची मोजमापं घ्यायची आणि खाली पडायचं, एवढंच त्या रॉकेटचं काम.

"ऑर्बिटमध्येसुद्धा जात नाही यार! आणि तेही ब्रिटिशांची मदत घेऊन बनवलं. याला काय डेव्हलपमेंट म्हणायचं?" प्रत्येक वाक्याला तो समोरच्याच्या दंडावर दोन बोटं आपटतो.

गेल्या शनिवारी मी गाडी पार्क करत होतो. शेजारच्या गाडीत हा बसला होता. इंडियन ग्रोसरीतल्या डब्यातलं श्रीखंड चमच्याने स्टीलच्या पातेल्यात काढत होता. रिकामा डबा त्याने सीटखाली सारला.

आत गेल्यावर एका काकूंनी पातेलं बघून विचारलं, "घरी केलंस का रे?"

"मग काय काकू! दही रात्रभर टांगलं होतं."

थोड्या वेळाने माझ्या दंडावर बोटं आपटायला लागली. पुन्हा स्पेन, पुन्हा ब्रिटिशांची मदत.

मी विचारलं, "मदत घेतली हे तुला कळलं कुठून?"

"त्यांनीच लिहून ठेवलंय ना!" तो खदखदून हसला. "मूर्ख लेकाचे."