सतरा बाटल्या विहिरीचं पाणी

आमच्या भुईगावच्या घरापासून समुद्र चालत सात मिनिटांवर आहे. म्हणून माझ्या पुतणीने, शॅरनने, समुद्राकाठी लग्न करायचं ठरवलं आणि त्यासाठी आम्ही सतरा माणसं श्रीलंकेला गेलो.

शॅरनचा होणारा नवरा कोलंबोत नोकरीला. तिथून जवळच किनाऱ्यावर एक देखणं चर्च, शेजारी हॉटेल, फादरांची परवानगी, सगळं फोनवर जमलं. जमली नाही ती एकटी नातालिन आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, आवाज पंचविशीतला. तिने आम्हा सगळ्यांना अंगणात बसवलं.

"लग्न कुठेही करा. चंद्रावर करा. पण आदल्या दिवशी पोरीला आंघोळ कशाने घालणार?"

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. पाणी आपल्याच विहिरीचं लागतं. त्याशिवाय आमच्या घरातली एकही नवरी चर्चची पायरी चढलेली नाही.

"आत्या, हॉटेलात शॉवर असतो," माझा मोठा भाऊ, म्हणजे शॅरनचा बाप पास्कलदादा, चाचरत म्हणाला.

"शॉवरने रिक्षा धुतात! आपलं पाणी आलं नाही तर मी चर्चमध्ये पाय ठेवणार नाही. खोलीत बसून रोझरी म्हणेन."

शॅरनचे डोळे भरले. आईविना पोर, आत्यानेच वाढवलेली. "आत्याआजी चर्चमध्ये नसेल तर मला लग्नच नको," म्हणाली आणि आत निघून गेली.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी उभा राहिलो.

"पाण्याची जबाबदारी माझी!"

दादा म्हणाला, "इनास, मोठ्या बॅगेत एक कॅन टाकू की. सामानात जाईल."

"वेडा आहेस का? विमानाच्या पोटात हवेचा दाब असतो! कॅन फुटला की शॅरनचा गाऊन, तुझा सूट, आत्याचं लुगडं, सगळं विहिरीत!" (मी त्याआधी विमानाने एकदाच गेलो होतो, गोव्याला. पण तो अनुभव मी बावीस वर्षं पुरवून वापरतोय.) "हातातल्या बॅगेत माणशी शंभर मिली चालतं. सतरा माणसं, सतरा बाटल्या. आलं ना तांब्याभर पाणी?"

सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. इतक्या लगेच, की माझी छाती फुगली. एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतल्यापासून गावात माझ्या शब्दाला वजन आलंय, हे मला त्या दिवशी पटलं.

शंभर मिलीच्या बाटल्या पापडी गावातल्या एका होमिओपॅथी डॉक्टरांकडून मिळाल्या. लेबलं मात्र निघेनात. प्रत्येकीवर छापलेलं: 'रोज सकाळी उपाशीपोटी.'

निघायच्या दिवशी सकाळी बँडवाले आले. बायका नटूनथटून विहिरीवर गेल्या. घरात नळ आल्यापासून ती विहीर एका कासवाच्या ताब्यात आहे. ट्रंपेट वाजल्यावर त्याने मान वर काढून पाहिलं आणि पुन्हा बुडी मारली. पाणी जरा हिरवट होतं. मी म्हटलं, "हिरवं म्हणजे ताजं!" फडक्याने गाळून बाटल्या भरल्या, वाटल्या आणि सगळ्यांना बजावलं, "कोणी विचारलं तर औषध म्हणायचं. विहीर, नवरी, कासव, एक शब्द नाही!"

विमानतळावर तपासणीच्या ट्रेमधून एकामागून एक सतरा हिरव्या बाटल्या बाहेर आल्या. सहाव्या बाटलीला अधिकारी खुर्चीवरून उठला. अकराव्याला त्याने दुसऱ्याला हाक मारली. सतराव्याला पट्टा थांबवला.

"ये क्या है?"

"दवाई," मी म्हणालो.

"सबको एक ही बीमारी है?"

"जी. खानदानी है."

त्याने आमच्या रांगेकडे पाहिलं. माझा चुलतभाऊ बस्त्याव त्याच वेळी एका हातात वडा आणि दुसऱ्या हातात उकडलेलं अंडं धरून उभा होता. तो कुठल्याही कोनातून आजारी दिसत नव्हता.

"पीके दिखाइए."

आता बस्त्यावचं असं आहे, की बाटलीतलं काहीही त्याने आजवर नाकारलेलं नाही. मी ओरडेपर्यंत त्याने ती तोंडात उपडी केली.

"अरे, एक घोट! एकच घोट!"

"घोटाने काय कळतं रे?" तो तोंड पुसत म्हणाला.

बस्त्यावने संपवली म्हटल्यावर त्याच्या मागचा कशाला मागे राहतो? गट्, गट्, गट्! पाळणाघरात दूध पाजावं तसं माझं पाणी माझ्या डोळ्यांदेखत घराण्याच्या पोटात चाललं होतं. पुढारी म्हणून मलाही प्यावं लागलं. चवीबद्दल काही बोलत नाही. एकूण तेरा बाटल्या रिकाम्या झाल्या. दादा, शॅरन आणि माझी बायको लीना यांनी झाकणाला हात लावला नाही. आणि आत्या कडाडली, "मी नाही पिणार! कासव राहतं त्यात!"

अधिकाऱ्याला मराठी येत असावी. त्याने हात जोडून आम्हाला पुढे सोडलं.

विमानाने उड्डाण केलं आणि तासाभरात बस्त्यावनेही. मागच्या शौचालयाबाहेर आमच्या घराण्याची अशी रांग लागली, की हवाईसुंदरीला खाण्याची गाडी पुढे नेता येईना. बस्त्यावला घेरी आली तेव्हा लीनाने हाताला लागलेल्या तीन बाटल्या त्याच्या तोंडावर ओतल्या.

"अगं, ती नवरीची आंघोळ आहे!" मी पोट धरून किंचाळलो.

"अहो, नवरीला उद्या घाला. हा आत्ता चाललाय!"

कोलंबोला उतरलो तेव्हा उरली होती एक बाटली. शंभर मिली! एवढ्यात मांजराचं पिल्लूही न्हात नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला आंघोळ. सकाळपासून मी खोली, व्हरांडा, खोली, शौचालय, व्हरांडा अशा येरझारा घालत होतो. आत्याला खरं सांगावं, तर ती चर्चला येणार नाही. ती आली नाही, तर शॅरन उभी राहणार नाही. शॅरन उभी राहिली नाही, तर दादा मला समुद्रात उभा करेल! शेवटी पावणेअकराला मी हॉटेलची लाल बादली नळाखाली धरली. वरून शंभर मिली ओतलं. रंग येईना. मग व्हरांड्यातल्या कुंडीतलं चिमूटभर शेवाळ कुस्करून टाकलं. हुबेहूब! चेहरा भक्तिभावाचा करून आत्याचं दार ठोठावलं.

लीनाने दार उघडलं आणि मी बादलीसकट गारठलो.

आत टेबलावर दादाचा पाच लिटरचा तेलाचा कॅन, काठोकाठ. शेजारी शॅरनच्या थंड पेयाच्या दोन मोठ्या बाटल्या. आत्याची शेकायची रबरी पिशवी, टम्म फुगलेली. आणि आमच्याच घरचा प्रेशर कुकर, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून! सगळं मोठ्या बॅगांतून आलेलं. थेंब सांडला नव्हता.

"हे... विमानाच्या पोटातून? मग माना का डोलावल्यात?"

"तुझ्याशी वाद घालत बसलो असतो तर विमान सुटलं असतं," दादा म्हणाला.

"पण चौघांनी आणायची काय गरज?"

"आम्ही एकमेकांनाही सांगितलं नव्हतं," लीना म्हणाली. "प्रत्येकाला वाटलं, तुमच्यावर विश्वास नसलेला आपण एकटाच."

आत्याने माझ्या बादलीत डोकावून पाहिलं. दोन बोटांनी शेवाळाचा एक तुकडा उचलला, उजेडात धरला. "इनास, ही बादली कशाने भरलीस?"

"विहिरीचं पाणी, आत्या. थोडं... वाढवलंय."

"ठेव बाहेर. बस्त्यावचे कपडे धुवायला होईल."

शॅरन त्या दिवशी डोक्यावरून मनसोक्त न्हाली. बायकांनी गाणी म्हटली, आत्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि दोघी रडल्या. मीही रडलो, पण माझी कारणं पोटाची होती.

दुसऱ्या दिवशी लग्न सुंदर झालं, असं ऐकतो. आत्या पहिल्या बाकावर बसली होती म्हणे. विहिरीचं पाणी बाहेरून लागलेली नवरी चर्चमध्ये पोहोचली. तेच पाणी आतून लागलेले आम्ही तेरा जण हॉटेलात होतो. त्यातले बारा जण बंद दाराआडून माझा उद्धार करत होते आणि तेरावा मी, बाहेर रांगेत उभा होतो.