एका रात्रीचं कुलूप

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं आणि दोनदा उडवलं, कारण नंदाबाई म्हणाल्या होत्या, "माजं काय लिवतीस, कुणा मोठ्या मानसाचं लिव." पण काल त्या बंद खोलीपुढं तांदूळ निवडत बसल्या होत्या, ते बघून मला राहवलं नाही.

नंदाबाई मूळच्या टाकवे गावच्या. नवरा गेल्यापासून वडगावात स्टेशनमागं त्यानं बांधलेल्या खोल्या भाड्यानं देतात. नोकरी शहरात पण तिथलं भाडं झेपत नाही, अशी माणसं येतात आणि जातात. राजेश्वरी मात्र टिकली. ती तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स होती, एकटीच राहायची.

करार अकरा महिन्यांचा. तो संपला की भाडेकरूनं सामान बाहेर काढायचं, मालकानं एक रात्र आपलं कुलूप लावायचं आणि सकाळी नवा करार करायचा. नाहीतर भाडेकरू खोली बळकावतो, अशी अख्ख्या गल्लीला धास्ती. त्या रात्री राजेश्वरीचा संसार नंदाबाईंच्या स्वयंपाकघरात यायचा. पातेली, गादी, कुंडीतली तुळससुद्धा. दोघी इंद्रायणीचा गरम भात नि सुकटीची चटणी खाऊन शेजारी शेजारी झोपायच्या.

"मावशी, वर्षातून एकदाच माहेरपण, तेही कुलूप लावून," राजेश्वरी म्हणायची.

"मग दोनदा करार करू की गं," नंदाबाई म्हणायच्या.

मागच्या खेपेला मुलगा संदेश आडवा आला. "आये, एका रात्रीनं काय होत न्हाई. महिनाभर बाहेर काढ तिला. लय वर्षं झाली, उद्या कोर्टात जाईल."

नंदाबाईंनी त्याचं ऐकलं. राजेश्वरीला म्हणाल्या, "खोलीचं काम काढलंय, महिनाभरानं ये." ती हसत हसत लोणावळ्याला मैत्रिणीच्या ओळखीच्या घरात गेली. महिन्यानं तिचा फोन आला तेव्हा संदेश शेजारीच जेवत होता. "आजून काम चाललंय," नंदाबाई म्हणाल्या. भिंतीला साधा ब्रशसुद्धा लागलेला नव्हता. पलीकडून राजेश्वरी म्हणाली, "बरं मावशी." त्यानंतर तिनं फोन केला नाही.

नंदाबाईंनी ती खोली दुसऱ्या कुणाला दिली नाही. संदेश चिडला तर म्हणायच्या, "तिचं खिळं हायेत भितीला." लोणावळा काय, लोकलनं जाऊन जेवणाच्या वेळेला परत. पण आधी भातलावणी आली, मग गुडघा दुखायला लागला, मग कुठल्या तोंडानं जायचं हा प्रश्न. असं करता करता वर्ष उलटून गेलं.

गेल्या आठवड्यात पिशवीत इंद्रायणी तांदूळ घेऊन त्या एकट्याच गेल्या. दार सविताताईंनी उघडलं. त्या घरमालकीण.

"राजेश्वरी? ती गेली की लातूरकडं, भावाकडं. नंबरही बदलला म्हणं. तुम्ही कोण?"

"मी वडगावची."

"म्हणजे मावशी होय." सविताताई हसल्या. "करार संपला तर पोरगी सगळं सामान व्हरांड्यात काढून बसली. म्हटलं, अगं, आमच्यात असलं काही नसतं, राहा की. तर विचारते कशी, मग आज रात्री मी कुणाकडं झोपू?"

नंदाबाई पाणीही न पिता दारातूनच निघाल्या. तांदूळ तसाच परत आणला. काल तोच निवडत होत्या. निवडलेलाच होता तो.

तुमचंही कुणीतरी असंच दोन-चार स्टेशनं पलीकडं असेल. या रविवारीच जाऊन या ना, प्लीज.