चार मोजेपर्यंत

आमच्या इमारतीत एक बातमी कधीपासून फिरते आहे: तिसऱ्या मजल्यावरची आत्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या थोबाडीत मारते आणि तो निमूटपणे सुरू होतो.

बातमी ज्याच्या तोंडी जाते त्याच्या वळणाची होते. तळमजल्यावरचा शिंपी ती तोंडात टाचण्या धरून सांगतो, "एकच दिली हो, एकच! डाव्या गालावर." कॉम्प्युटरचा डावा गाल कुठला, हे त्याला विचारू नये, टाचण्या गिळेल. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणतात, "मी स्वतः नाही पाहिलं. पण ज्यांनी पाहिलं ते खोटं बोलणारे नाहीत, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही पटलंय." आणि लिफ्ट दुरुस्त करायला येतो त्याचं म्हणणं, "आमची लिफ्टसुद्धा त्यांना वचकून असते. त्या आत असल्या की मध्ये अडकत नाही."

खरं काय ते सांगते. आत्याने आजवर एकाही यंत्रावर हात उगारलेला नाही. थाप पडते ती टेबलावर, आणि ती असते माणसांसाठी. घरात कॉम्प्युटर बंद पडला की त्याच्याभोवती पाच माणसं जमतात आणि पाचही जण बोलतात. कालपर्यंत चांगला होता, मी तर हातही लावला नाही, नवीनच घ्या, माझ्या मेहुण्याचा असाच गेला. अशा गलक्यात आत्याला काही ऐकू येत नाही, आणि तिचं सगळं काम कानांवर चालतं. म्हणून ती तळहात उघडून टेबलावर एक फाडकन ठेवून देते. माणसं गप्प होतात, तेवढ्यात ती मशीन ऐकून घेते, आणि मशीन सुरू झालं की श्रेय थापेला जातं.

हे कान तिने कमावले टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. अठ्ठावीस वर्षं ती तक्रारींच्या खोलीत होती. तारेवरच्या खरखरीवरून पाणी कुठे शिरलंय, उंदराने कुठे कुरतडलंय, ते ती बसल्या जागेवरून सांगायची. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा भंगारात निघालेले तीन कॉम्प्युटर घरी आणले, उघडले, जोडले, पुन्हा उघडले, आणि शिकली. तेव्हापासून ती सगळ्या इमारतीची आत्या. नातवंडंही आत्या म्हणतात आणि त्यांचे आजोबाही.

तिच्या बोलण्यात शब्द थोडे, "हं" फार. "हं" म्हणजे ऐकतेय. "हंऽऽ" म्हणजे तुम्ही थापा मारताय. आणि नाकातून आलेलं तुटक "ह्" म्हणजे सापडलं. हे तिन्ही मला हुबेहूब येतात. मागच्या सोमवारी जिन्यात शिंप्याच्या पोरींना करून दाखवत होते, नाकावर घसरलेल्या चष्म्यासकट, तर मागून आवाज आला, "दुसरं 'हं' जरा लांबवायला हवं होतंस."

मागे वळले तर आत्याच.

"आत्या, खरं सांग, थाप न मारता एक तरी मशीन दुरुस्त करता येईल तुला?"

"न यायला काय झालं?"

"पैज?"

"पैज. पुढचंच काम घे. मी जिंकले तर महिनाभर तुझ्या तोंडून माझी नक्कल बंद. हरले तर मी जिन्यात उभी राहून तुझी करेन, तुझ्या आईसमोर."

पुढचं काम दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला आलं.

फोन पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा होता. "आत्या, गेला हो! आत्ता होता, आत्ता गेला!"

 वहिनींचे यजमान म्हणजे कोडेमास्तर, आणि त्यांना गेल्या वर्षी मेंदूचा झटका येऊन गेला होता. "कोण गेलं, वहिनी?"

"कॉम्प्युटर!"

"असं अर्धवट बोलत जाऊ नका हो," आत्या म्हणाली आणि पिशवी उचलली. पिशवीत तिचा सगळा दवाखाना: दोन स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश, टॉर्च आणि एक खोडरबर.

मास्तर खुर्चीत बसले होते, ताठ, परीक्षेला बसल्यासारखे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शब्दकोडी रचायला घेतली आणि त्यांचं कोडं दर रविवारी वर्तमानपत्रात येऊ लागलं. झटका आल्यापासून मात्र नवीन एकही जमलं नव्हतं. हातपाय शाबूत राहिले, शब्द पांगले. चमचा मागायचा असतो आणि तोंडात किल्ली येते. म्हणून जुनी, अजून कुठे न छापलेली शंभर कोडी निवडून त्यांचं पुस्तक करायचं ठरलं होतं.

"साठ कागदावर काढलीत," मास्तर म्हणाले. "चाळीस यात. पाचला तो येणार, तो... पुस्तक... छापणारा." त्यांनी डोळे मिटले, शब्द शोधला, सोडून दिला. "दोनदा उद्या म्हणालोय त्याला. आज नाही दिलं तर यंदाच्या यादीतून पुस्तक गेलं. आणि आत्या, ती चाळीस मला पुन्हा नाही येणार."

"हं," आत्या म्हणाली.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी, हा सोपा रस्ता होता. पण कोडी ज्या प्रोग्रॅममध्ये होती तो एका विद्यार्थ्याने पंधरा वर्षांपूर्वी खास मास्तरांसाठी करून दिला होता, आणि तो या मशीनशिवाय कुठेच उघडत नव्हता. विद्यार्थ्याचा पत्ता आता विद्यार्थ्यालाच ठाऊक. म्हणजे उठायला हवं ते याच म्हाताऱ्या मशीनने, आणि पाचच्या आत.

"चौकातल्या दुकानदाराला फोन केला होता," वहिनी म्हणाल्या. "तो म्हणाला, मदरबोर्ड गेला."

"मशीन बघून?"

"छे, फोनवरच."

"हंऽऽ," आत्या म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

कॅबिनेट टेबलाखाली होतं. तोंड पलंगाकडे, पाठ खिडकीकडे. आत्या खिडकीच्या बाजूने आत शिरली, मांडी घातली, बाजूचा पत्रा काढला आणि टॉर्च तोंडात धरला. पलंगावर वहिनी बसल्या, मांडीवर दोन वर्षांचा नातू. "बटण मीच दाबते हं," त्या म्हणाल्या. "त्याला जरा सरावाचा हात लागतो."

"दाबा."

टक्. पंखा घर्रर्र करून फिरला, आतला हिरवा दिवा लागला, टीं असा एक सूर निघाला आणि सगळं विझलं.

"बघा! असंच करतो! काल दुपारपासून हेच, आत्ता असतो, आत्ता जातो. मी ह्यांना म्हटलं, उन्हाने झालं असेल, तर हे म्हणाले, उन्हाचा काय संबंध, मी म्हटलं, संबंध नाही कसा, मी उन्हात गेले की मलाही अस्संच होतं..."

आत्याचा उजवा हात आपोआप वर गेला. टेबल डोक्यावर वीतभर. मग तिला पैज आठवली. त्या हाताने तिने कान खाजवला.

तिने ब्रशने पंख्यातली धूळ काढली. पंधरा वर्षांची धूळ, एका उशीला पुरली असती. मेमरीची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, पुन्हा बसवली. "दाबा."

टक्. घर्रर्र. टीं. विझलं.

नाण्याच्या आकाराचा सेल काढून पाच मिनिटांनी पुन्हा घातला. टक्, घर्रर्र, टीं, विझलं. तेवढ्यात नोकरीसाठी परगावी असलेल्या मुलाचा फोन आला आणि वहिनींनी तो स्पीकरवर टाकला. "आई, किती वेळा सांगितलं, टाकून द्या तो डबा!"

"डबा काय म्हणतोस! तुझ्या बाबांचा जीव आहे त्यात!"

"जीव आहे तर सुरू का होत नाही?"

नातवाला बापाचा आवाज ऐकून चेव आला आणि तो "बाबा, बाबा" असा एकसुरी भोंगा वाजवू लागला. आत्याचा हात दुसऱ्यांदा वर गेला. या वेळी तो खाली आणायला डाव्या हाताची मदत लागली. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली. बोलू देत, तिने ठरवलं. बोलणं थांबत नसेल तर मोजणं तरी कोण अडवतंय?

"वहिनी, दाबा."

टक्. एक, दोन, तीन, चार. विझलं.

"पुन्हा."

एक, दोन, तीन, चार. विझलं.

"पुन्हा."

"अहो, कितीदा दाबायचं? माझा अंगठा दुखला."

एक, दोन, तीन, चार.

 चाळीस वर्षांत तिने मरणाऱ्या यंत्रांचे सगळे नखरे ऐकले होते. गरम होऊन मरणारं दुसऱ्या वेळी लवकर मरतं. सैल तारेचं कधी दोनवर, कधी नऊवर. वीज पुरेनाशी झाली की पंखाच रडक्या सुरात फिरतो. हा मात्र दर वेळी ठणठणीत उठत होता आणि बरोबर चारवर आडवा होत होता. मरणारा कधी घड्याळ बघून मरत नाही. घड्याळ बघून जातो तो हुकमाचा ताबेदार. आणि चार मोजेपर्यंत बटण दाबून धरलं की बंद व्हायचं, हा हुकूम तर प्रत्येक कॉम्प्युटरला जन्मापासूनच असतो.

"ह्," आत्या नाकातून म्हणाली. "वहिनी, बटणावरून अंगठा उचलता ना?"

"उचलते की! लगेच उचलते!"

आत्या टेबलाखालून रांगत पलंगाच्या बाजूला आली आणि तासाभरात पहिल्यांदा तिने मशीनचं तोंड पाहिलं. बटणाच्या जागी पुठ्ठ्याचं एक चौकोनी झाकण होतं, कडेकडेने चिकटपट्टी मारून गच्च बसवलेलं. त्यावर वहिनींच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "हात लावू नये."

"हे काय?"

"ते होय? मागच्या महिन्यात केलं. हा आमचा बारका दिसलं बटण की दाबतो. ह्यांचं अर्धं कोडं पुसलं गेलं एकदा. म्हणून बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. मोठ्या माणसाने अंगठ्याने नेट लावला तरच दबतं, पोराच्या बोटाने नाही. सगळे म्हणाले, काय डोकं आहे!"

"डोकं आहेच," आत्या म्हणाली आणि झाकणावर अलगद बोट ठेवलं. महिनाभर अंगठे खाऊन पुठ्ठा मऊ पडला होता, मध्ये खळगा झाला होता आणि त्यावरची चिकटपट्टी ओढली जाऊन दाबलेल्या बटणाला बराच वेळ खाली धरून ठेवत होती, मग कुठे सोडत होती. माणसाचा अंगठा उठत होता, पुठ्ठ्याचा लगेच उठत नव्हता. घरात कुणी हात लावू नये म्हणून लावलेला कागदच दिवसरात्र हात लावून बसला होता.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे मीच?"

फोनमधला मुलगा काहीतरी बोलणार होता. वहिनींनी फोनच ठेवून दिला.

आत्याने नखाने चिकटपट्टी सोलली. झाकण निघालं. बटण किंचित वर उचललं गेलं, पाठ मोकळी झाल्यासारखं. तिने मास्तरांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठून आले होते आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"तुम्ही दाबा, मास्तर. दाबा आणि सोडा."

मास्तरांनी बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं.

टक्. घर्रर्र. टीं.

खोलीत कुणी बोलेना. वहिनीही नाही. नातवाने तोंडातला अंगठा तोंडातच ठेवला. एक. दोन. तीन. मास्तरांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. चार.

पाच.

सहा. आत डिस्क कर्र, कर्र, टिक करायला लागली, जसं कुणी झोपेतून उठून चपला शोधतंय. पडदा काळ्याचा निळा झाला. आणि वहिनींनी आनंदाच्या भरात टेबलावर अशी काही थाप मारली की पेनांचा डबा उडाला आणि नातू हसत सुटला.

सेल काढल्यामुळे मशीनला तारीख आठवत नव्हती. नातवाच्याच काय, सूनबाईंच्याही या घरात येण्याच्या आधीचं वर्ष ते दाखवत होतं. आत्याने ते दुरुस्त केलं. प्रोग्रॅम उघडला. चाळीसच्या चाळीस कोडी जागेवर होती. मास्तरांनी पहिलं उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "आडवा शब्द, तीन अक्षरं. घरातली कधीही न थांबणारी वस्तू."

आत्याने न राहवून वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मास्तरांकडे.

"घड्याळ," मास्तर म्हणाले, एका दमात, न अडखळता. मग दोघींची तोंडं बघून, "तुम्हाला काय वाटलं?"

वहिनी हसल्या, हसता हसता पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला गेल्या. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून सगळ्या जिन्याला कळलं. प्रिंटर दुपारपर्यंत खर्र-खट, खर्र-खट करत होता. आत्याने चाळीस कोडी दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवली, तीही मास्तरांच्याच हातून, आणि मगच चहाला हात लावला. पाचला दारावर बेल वाजली. मास्तरांनी शंभर पानांचा गठ्ठा पुढे केला आणि म्हणाले, "या, प्रकाशक."

संध्याकाळी मी जिन्यात आत्याची वाटच बघत होते. "हरलीस! थाप वाजली. तळमजल्यापर्यंत ऐकू आली, शिंप्याची सुई चुकली!"

"वाजली. हात कुणाचा होता?"

"कुणाचा का असेना, थाप ती थाप!"

"चल, विचारू."

मास्तरांच्या दारात निवाडा झाला. वहिनींनी आपला लाल झालेला तळहात पुढे केला. मास्तरांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं, थोडं थांबले, मला वाटलं शब्द अडकला. नव्हता अडकला.

"हरलीस," ते म्हणाले.

तर त्या दिवसापासून महिनाभर आत्याची नक्कल माझ्या तोंडून बंद. लिहिण्याबद्दल मात्र काहीच ठरलेलं नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा आत्या शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग जे म्हणाली, ते मला करून दाखवायची बंदी आहे. पण ते तिन्हींतलं दुसरं होतं, आणि चांगलंच लांबवलेलं.