मुक्काम वटार, गाव मितिलीनी

वसई तालुक्यात माझ्या काकांइतका कडवा ग्रीक माणूस दुसरा नाही. खुद्द ग्रीसमध्ये तरी असेल का, याची मला शंका आहे.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. जन्म वटारचा, वाडी वटारची, पिढ्यान्‌पिढ्या पानवेली आणि केळी. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर फिटर होते. मालकांच्या भांडणात ते जहाज एका ग्रीक बेटावर, मितिलीनीच्या बंदरात, अडकून पडलं. नकाशात त्या बेटाचं नाव लेस्बोस आहे, पण काका नकाशाला विचारत नाहीत. तिथे त्यांनी एक हिवाळा काढला. एकच! आणि त्या हिवाळ्याच्या जोरावर आयुष्यभर ते त्या बेटाला ‘आपल्याकडे’ म्हणत आले आणि वटारला ‘तुमच्याकडे’. दुपारी दोन ते पाच वाडीचं फाटक बंद, कारण आपल्याकडे दुपारी कुणी कुणाच्या दारात जात नाही. रायआवळे मिठाच्या पाण्यात मुरवून ते पाहुण्यांपुढे ठेवणार आणि म्हणणार, “ऑलिव्ह समजून खा.” विहिरीजवळ खरं ऑलिव्हचं झाडही लावलेलं आहे. त्याला आजवर एक फळ धरलेलं नाही, पण घरातल्या माणसांच्या आधी पाणी त्याला. मावशी म्हणते, “ह्यांना जेवायला बोलवायचं तर आधी बोटीचा भोंगा वाजवावा लागतो.”

त्या प्रदेशाचा कारभार काकांना तोंडपाठ. उत्तर एजियन नावाचा प्रांत, त्याचा गव्हर्नर लोक निवडून देतात, कचेरी मितिलीनीत. तेल, चीज, सार्डिन मासे, यांवर पोट. फक्त माणसं आटत चाललेली. शेजारच्या बोळिंजला नवा टॉवर उठला की काका हळहळतात. “आपल्याकडे पोरं नाहीत म्हणून शाळा बंद पडतात, आणि तुमच्याकडे पोरांना शाळा पुरत नाहीत. अरे, ह्यातले दोन टॉवर माणसांसकट उचला आणि तिकडे नेऊन ठेवा!” मी पत्रकं लिहून लिहून हात झिजवलेला कार्यकर्ता. टँकर, बुजवलेले नाले, भरतीचं पाणी अडवणारे भराव, सगळ्यावर लिहिलं. पण इतका साधा उपाय मला सुचला नव्हता.

तेवढ्यात तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या आमच्या गावाची सुनावणी लागली. गाव महापालिकेत ठेवायचं की बाहेर काढायचं, यावर हरकती ऐकणार होते. आणि काकांकडे तर आयता दाखला होता! सबंध लेस्बोस बेटाची आधी एकच पालिका केली होती. पुढे पश्चिमेकडची गावं वेगळी काढून त्यांना त्यांची पालिका दिली. मी म्हटलं, “काका, तुम्हीच बोला. एवढंच सांगा, बेटावर जमलं ते वटारला का जमू नये?”

काका कोट घालून आले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “कुठल्या गावाविषयी बोलताय?”

“पश्चिमेकडच्या गावांविषयी, साहेब.”

“हं, पश्चिम पट्टा. बोला.”

“आपल्याकडे आधी सगळं एकाच पालिकेत कोंबलं होतं. मग ऐकलं लोकांचं. आता आपल्याकडे सगळं व्यवस्थित आहे. तक्रार नाही.”

“छान!” साहेब शेजारच्या कारकुनाला म्हणाले, “पश्चिम पट्टा समाधानी. पुढचे कोण?”

मी उठून ओरडलो, “साहेब, ते ग्रीसचं सांगतायत!” सभागृह हसलं. साहेबही हसले आणि पुढचे खरंच बोलायला उभे राहिले.

काकांमुळे निकाल फिरला असं मी म्हणणार नाही. असले निकाल घरून ठरवूनच आणलेले असतात, हे मी छापून वाटलेलं आहे. गाव आतच राहिलं. लगेच वाडीला लागून रस्त्याची आखणी आली, शेजारच्या दोन वाड्या विकल्या गेल्या, आणि डंपर दुपारी दोन ते पाच कुणाचं फाटक बंद आहे हे बघत नाहीत.

परवा गेलो तर काका पायरीवर बसले होते. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “काय म्हणतंय मितिलीनी?”

“ठीक असेल,” ते म्हणाले. मग भरावाखाली गेलेल्या शेजारच्या वाडीकडे हात करून हळूच म्हणाले, “तुला आठवतं का रे? तिथपर्यंत पानवेली होत्या आपल्याकडे.”

वटारला ते ‘आपल्याकडे’ म्हणाले. उभ्या आयुष्यात मी ते पहिल्यांदा ऐकलं. आतून मावशी बशी घेऊन आली, तीही क्षणभर दारातच थांबली. मी रायआवळा उचलला आणि ऑलिव्ह समजून खाल्ला.